कासारणीची घोडी आणि तळ्याची अट

लोक घोड्यावरून बाजाराला जात, त्या काळी एका डोंगराळ गावात एक कासारीण राहत होती. तिची चिंची नावाची घोडी होती. चिंचीच्या पाठीवर बांगड्यांचे करंडे लादून दोघी गावोगाव फिरत.

त्या वर्षी डोंगरावर गवताची काडी उरली नाही. उपाशी मारण्यापेक्षा येत्या बाजारात चिंचीला विकावं, असं कासारणीने छातीवर दगड ठेवून ठरवलं. नेमकी तेव्हाच राजाच्या शर्यतीची दवंडी आली. वीस कोसांची दौड, आणि बक्षीस काय, तर घोड्याला जन्मभर चरायला नदीकाठचं हिरवंगार कुरण!

शर्यतीची एक जुनी अट होती. राजवाड्यापाशी पोहोचल्यावर घोड्याची पाठ मोकळी करायची. त्याने एकट्याने तळ्यावर जायचं, पाणी प्यायचं आणि धन्याच्या हाकेला परत यायचं. जो पहिला परतेल, त्याचं कुरण. पण पहिला घोडा दिसताच नगारा वाजे, गुलाल उधळला जाई, आणि त्या धांदलीत तळ्याची आठवण कुणालाच राहत नसे. गेल्या चार वर्षांत एकही घोडा तळ्यावरून परतला नव्हता. कुरण आपलं पडूनच होतं.

शर्यतीच्या सकाळी कासारीणही चिंचीला घेऊन आली. तिथे एका शिलेदाराची आणि एका पंतोजींची चांगलीच जुंपली होती.

"घोडा भरधाव सोडायचा, मागे वळून बघायचं नाही!" शिलेदार मिशीला पीळ देत म्हणाला.

"छे छे! सगळं मोजून करावं. चढ असो, उतार असो, चाल एकच," पंतोजी म्हणाले. "आणि बाई, तुमची रीत कोणती?"

"माझी कसली रीत? करंड्यात काच असते ना, म्हणून चढ आला की मी उतरते."

दोघेही पोट धरून हसले. हसण्यावर तरी त्यांचं एकमत झालं.

शर्यत सुटली. शिलेदार धुळीत दिसेनासा झाला. पंतोजी पावलं मोजत निघाले; घाटात घोड्याच्या तोंडाला फेस आला, तरी त्यांचं मोजणं काही थांबेना. कासारीण मात्र प्रत्येक चढाला उतरायची, पदर खोचून चिंचीच्या शेजारून चालायची. ओढा दिसला की खोगिराचा तंग सैल करून तिला पाणी पाजायची.

"बाई, आता घोडीच तुमच्यावर बसणार वाटतं!" वाटेवरचं कुणीतरी ओरडलं.

"बसू दे की! रोज मीच बसते," कासारीण म्हणाली.

शेवटचा कोस उरला आणि दूरवर नगारा वाजला. आता टाच मारून घोडी दामटावी, असं कासारणीच्या मनात आलंही. पण चिंचीच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. ती खाली उतरली. तिचे डोळे भरून आले.

"तुला विकायचीच वेळ आली, तर धडधाकट विकीन गं. मोडून नाही विकणार," ती म्हणाली, आणि चिंचीच्या मानेवर हात ठेवून सावकाश चालत राहिली.

राजवाड्यापाशी पोहोचून बघते तर काय! शिलेदार गळ्यात झेंडूचा हार घालून उभा, पण त्याचा घोडा नगाऱ्याशेजारी फतकल मारून बसलेला. पंतोजींचा घोडा तळ्यावर गेला होता, पण गुडघाभर पाण्यात जो उभा राहिला तो हलायला तयार नव्हता. काठावर पंतोजी आकडे मोजत बसले होते.

कासारणीने खोगीर उतरवलं. चिंची रमतगमत तळ्यावर गेली, पोटभर पाणी प्यायली. कासारणीने हातातल्या बांगड्या किणकिणवल्या. तीच त्यांची रोजची हाक. चिंची दुडक्या चालीने परत आली आणि येता येता तिने शिलेदाराच्या गळ्यातला हार खाऊन टाकला. शिलेदारासकट सगळे खो खो हसले.

"बाई, घोडेस्वारी कुठल्या गुरूकडे शिकलात?" राजाने विचारलं.

"हिच्याकडेच, महाराज. ही सांगते, मी ऐकते."

चिंची कुरणात चरून चरून गोल झाली. आणि पुढच्या वर्षी पहिल्याच चढाला शिलेदार खाली उतरला. पंतोजीही उतरले, फक्त कितव्या पावलाला, ते त्यांनी मोजून ठेवलं.

तात्पर्य: ज्याच्या पाठीवर बसून आपण आलो, तोही हसतखेळत पोहोचला, तरच आपण पोहोचलो.