धाकूने बर्फघराला विश्वस्त शोधला

एका गावात एक भोळा धाकू होता. सांगाल तेवढंच करायचा. तेवढंच, आणि तेही भलत्याच ठिकाणी.

गाव समुद्रकाठचं. मासळी भरपूर, बर्फाची मात्र बोंब. बर्फघर होतं एकच, शेठचं. शेठ म्हातारा, यंत्र त्याच्याहून म्हातारं. चाललं तर चाललं, नाहीतर बसलं रुसून. मग मासळी वास मारायला लागायची आणि व्यापारी नाक धरून मातीमोलाने उचलायचे.

तेव्हा गावातल्या पोरांनी एक संस्था काढली. तीही मोबाईलवर. शहरात त्याला ब्लॉकचेन म्हणतात, गावाने नाव ठेवलं साखळी. एकाने काही लिहिलं की ते सगळ्यांच्या मोबाईलात उमटायचं, आणि एकदा उमटलं की कुणाच्या बापाला पुसता यायचं नाही. अध्यक्ष नाही, खजिनदार नाही. काही ठरवायचं झालं की सगळ्यांनी बोट दाबायचं.

साखळीने ठरवलं, शेठचं बर्फघर विकत घ्यायचं, नवं यंत्र बसवायचं. शेठ तर एका पायावर तयार. लेक घाटावर दिलेली, तिच्या ओसरीवर जाऊन निवांत पडायचं एवढीच त्याची इच्छा. म्हणाला, "नारळी पौर्णिमेच्या आत घ्या, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावतो. खरेदीखत कुणाच्या नावाने करू?"

"साखळीच्या."

"साखळी येईल का सही करायला?"

इथे सगळे अडले. साखळीला कायद्यात उभं करायला हवं होतं. कंपनी काढायची, सोसायटी काढायची की ट्रस्ट, ते तालुक्याच्या वकीलबाईंना विचारायला हवं होतं. पण जाणार कोण? जो जाईल तो उद्या म्हणेल, मीच पुढारी. शेवटी सगळ्यांनी धाकूच्या नावावर बोट दाबलं. हा काही पुढारी होत नाही, याची गावाला खात्री होती.

निघताना बायको येसू म्हणाली, "अहो, वकीलबाई सांगतील ते ध्यानात ठेवा."

धाकूने मान हलवली. "आलं ध्यानात."

वकीलबाई म्हणाल्या, "कंपनी काढा. ज्याचा जेवढा वाटा, तेवढीच त्याची जबाबदारी. त्यापुढे काही होवो, त्याच्या दारात कोणी येत नाही."

"आलं ध्यानात."

धाकू परतला तेव्हा खाडीचं पाणी चढलं होतं आणि आठ माणसं तांडेलाची होडी वर ओढत होती. धाकूने दोराला हात लावला, वीतभर ओढलं, दोर सोडला आणि बाजूला जाऊन बसला. होडी घसरली. आठही जण चिखलात.

म्हातारा तांडेल तोंडातला चिखल थुंकत म्हणाला, "मेल्या, सोडलास का?"

"माझा वाटा ओढून झाला. पुढची जबाबदारी तुमची."

गावाला कळलं, कंपनी अशी असते. सगळ्यांनी 'नको'वर बोट दाबलं. तांडेलाने धाकूला समजावलं, "अरे, जिथे सगळे ओढतात तिथे वाटा बघायचा नाही. सगळ्यांचं ते आपलं समजायचं."

"आलं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी धाकू एसटीत बसला. शेजारच्या बाईने डबा उघडला. तळलेले बोंबील होते. धाकूने दोन उचलले.

"हे काय?" बाई म्हणाली.

"सगळ्यांचं ते आपलं."

बाईने झाकणच हाणलं.

वकीलबाईंनी विचारलं, "कपाळाला काय झालं?"

"कंपनी नको म्हणाले."

"मग सहकारी सोसायटी करा," वकीलबाई म्हणाल्या. "एक माणूस, एक मत. कुणी आपल्या मनाने काही करायचं नाही. आधी सभा, मग मतं, मग काम."

"आलं ध्यानात."

घरी येसूने परातीत पापलेट कापून ठेवलं होतं. बऱ्याच दिवसांनी बरं पापलेट मिळालं होतं. म्हणाली, "पाणी घेऊन येते. मांजर आलं तर हाकला."

मांजर आलं. धाकू उठला. मांजराकडे नाही, आळीत गेला. दारोदार हाका मारून माणसं गोळा केली. एकाने विचारलं, मांजर कुणाचं? दुसरा म्हणाला, ते नंतर, आधी सभेचा अध्यक्ष ठरवा. तिसऱ्याला चहा हवा होता. अखेर धाकू म्हणाला, "हाकलावं म्हणणारे हात वर करा." झाडून सगळ्यांनी हात वर केले. मांजर तटस्थ राहिलं. ते मिशा पुसत होतं.

येसू आली. "पापलेट कुठंय?"

"गेलं. पण ठराव मंजूर आहे."

सोसायटीही नको, असं साखळीत ठरलं. तांडेल म्हणाला, "तिला चेअरमन लागतो, चेअरमनला खुर्ची लागते, आणि बसलेला माणूस मेल्याशिवाय उठत नाही." येसूने रिकामी परात घासता घासता नवऱ्याला बजावलं, "पुढच्या वेळी गावभर दवंडी पिटू नका. काय करायचं ते गुपचूप करा."

"आलं ध्यानात."

तिसऱ्या खेपेला वकीलबाईंनी चष्मा काढून ठेवला. "मग एकच राहिलं. ट्रस्ट. बर्फघर ट्रस्टला द्यायचं. एकदा दिलं ते दिलं, परत मागायचं नाही. ते कुणा एकाचं नाही, उपयोग गावाचा. सांभाळायला एक विश्वस्त लागेल. ज्याला त्यातलं काही नको, असाच माणूस बघा. उद्या त्याला ते हवंसं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी त्याला काढायचं. मी कागदात तसं लिहिते. हा संमतीचा कागद घ्या, यावर त्याची सही आणा."

"आलं ध्यानात."

धाकू उठला. बाहेर पाऊस कोसळत होता. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, छत्री राहिली कोपऱ्यात."

"राहू दे. एकदा दिली ती दिली."

भिजत गावात आला आणि विश्वस्त शोधायला लागला. गुपचूप. एकेकाला बाजूला घेऊन विचारी.

"तांडेल, तुम्हाला बर्फघर हवं का?"

"अरे, दुसरं काय हवंय मला?"

तांडेल बाद.

"येसू, तुला बर्फघर हवं का?"

"हवं तर. मांजरापासून पापलेट वाचेल."

बायकोही बाद. आळी संपली, बंदर संपलं. जो तो म्हणे, हवं. धाकूला गावाची लाज वाटायला लागली. एवढी माणसं आणि एकही निरिच्छ नाही.

शेवटी शेठच्या दारात आला. शेठ ट्रंकेला दोरी बांधत होता.

"शेठ, तुम्हाला बर्फघर हवं का?"

"नाव काढू नकोस त्याचं. फुकट दिलंस तरी नको. वर पैसे दिलेस तरी नको."

धाकूचे डोळे भरून आले. असा माणूस गावात राहत होता आणि गावाला पत्ता नव्हता.

"मग इथे सही करा."

"कसली?"

"बर्फघराच्या कामाची."

शेठने केली. सुटायचं म्हटल्यावर त्याने आणखी शंभर केल्या असत्या.

पुढे सगळं झरझर झालं. खरेदीखत शेठच्या वकिलाने केलं, ट्रस्टचा कागद वकीलबाईंनी. एकमेकांचे कागद दोघांनी वाचले नाहीत, वकिलांत ते बरं दिसत नाही. विश्वस्ताचं कागदोपत्री नाव साखळीत आलं, 'श्री. गजानन वासुदेव' आणि पुढे काहीतरी. सगळ्यांनी न वाचता बोट दाबलं. मोबाईलवर माणूस वाचतो कुठे? झालं, उमटलं. आता पुसणं नाही.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी बर्फघरासमोर गाव जमलं. ढोल वाजला, नारळ फुटला. पलीकडे शेठचा टेंपो उभा. ट्रंक चढली होती, गादी चढली होती, शेठ ड्रायव्हरशेजारी पान लावत बसला होता. वकीलबाईंनी कागद उघडला.

"या बर्फघराचे तहहयात विश्वस्त, श्री. गजानन वासुदेव पेडणेकर. त्यांनी इथेच राहून बर्फघर सांभाळायचं आहे. त्यातलं काहीही घ्यायचं नाही."

शेठच्या हातातलं पान खाली पडलं. "हे तर माझं नाव."

ढोल थांबला.

"सही तुमचीच आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"पण बाई, मला हे नकोय."

"म्हणूनच तर," धाकू कौतुकाने म्हणाला. "सगळ्या गावाला विचारलं. तुमच्याइतका लायक दुसरा कोणी निघाला नाही."

शेठ टेंपोतून उतरला. "आता काढा मला यातून."

वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला. "एकच वाट आहे. तुम्हाला बर्फघर हवंसं वाटलं, तर आजच काढता येईल."

शेठ धावतच गेला आणि बर्फघराच्या दाराला मिठी मारून बसला. "हवं. मला हवंय हे. जीव आहे माझा याच्यावर. माझंच आहे हे, कुणाला देणार नाही मी."

गावाला सुटल्यासारखं झालं. वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात धाकू त्यांच्या कानाशी वाकला आणि साऱ्या बंदराला ऐकू जाईल एवढ्या गुपचूप म्हणाला, "बाई, लिहू नका. खोटं बोलतोय तो. टेंपो बघा की त्याचा."