सोनाक्काची चार मिनिटं

“पण बाई, इतिहासात एम.ए. करून पुढं होतं काय माणसाचं?”

दिग्विजय सुतारने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळी खराडे बाई खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होत्या, आणि कुंडीला पाणी घालताना त्या कुणाचंच ऐकत नसत.

आता त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“आधी बस. उभ्या माणसाला उत्तर दिलं की तो लगेच चालायला लागतो.”

दिग्विजय बसला, पण खुर्चीच्या टोकावर.

हा मुलगा बी.ए.ला विद्यापीठात पहिला आलेला, आता एम.ए.ला बाईंच्याच हाताखाली. सुवर्णपदक मिळवलेला. ही गोष्ट त्याला माहीत होती, सगळ्या विभागाला माहीत होती, आणि चुकून कुणाला माहीत नसेलच तर सांगायला तो स्वतः हजर असे. मुलगा गुणी होता, यात वाद नाही. फक्त गुणी असल्याची बातमी त्याच्यापर्यंत जरा लवकर पोचली होती.

“पुण्यात चुलतभाऊ आहे,” तो म्हणाला. “सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स, मग त्याच्याच कंपनीत चिकटवतो म्हणतोय. जागा एकच आहे. आज पाचच्या आत हो की नाही ते कळवायचंय.”

“घरी काय म्हणतात?”

“आप्पा काहीच म्हणत नाहीत. रंधा मारत राहतात.”

हे सांगताना त्याचा आवाज जरा उतरला. आप्पा, म्हणजे त्याचे वडील, गावात चौकटी आणि दारं करत. हल्ली तयार दारं ट्रकने येतात, त्यामुळे काम निम्म्यावर आलेलं. अशात पोरगा इतिहास शिकतो म्हटल्यावर भावकीतले लोक आप्पांना गाठून विचारत, त्यातनं काय निघतंय? आप्पा रंध्याची धार बघत बसत. बाप शिव्या घालता तर परवडलं असतं, असं दिग्विजयला वाटायचं.

“तुमच्या हाताखालनं तीस वर्षांत इतकी मुलं गेली,” तो म्हणाला. “त्यांचं काय झालं, ते तरी सांगा.”

बाई आठवू लागल्या.

“एक जण कोर्टात दुभाषा आहे. एक संग्रहालयात आहे, वस्तूंच्या पाट्या ती लिहिते. एक तहसीलदार झाला. दोघी पेपरात आहेत. बरेचसे शाळेत शिकवतात. एक जण मांडव भाड्याने देतो.”

“मांडव?”

“सुखात आहे. लग्नात भांडण पेटलं की दोन्हीकडची माणसं त्यालाच मध्ये घेतात.” बाई थांबल्या. “आणि चौघं-पाच जण अजून नोकरी शोधतायत. तुला फसवायचं नाही मला.”

“मग मी यातला कोण होणार?”

बाईंनी हात पुढे केला.

“काम आणलंयस ना? दाखव.”

दिग्विजयने पिशवीतून अकरा पानं काढली. स्वच्छ टाइप केलेली, एक खाडाखोड नाही. जाता जाता शेवटचं काम नेटकं करून जावं, असा त्याचा विचार होता.

काम असं होतं. खोऱ्यातलं एक गाव पन्नास वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथली माणसं वसाहतीत येऊन राहिली. त्यातली जी अजून हयात होती, त्यांच्या आठवणी विभाग रेकॉर्ड करून घेत होता. दिग्विजयच्या वाट्याला सोनाक्का नावाची म्हातारी आली होती. चाळीस मिनिटं बोलणं, मग ते ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवणं.

बाईंची एक खोड होती. नुसता कागद त्या कधी वाचत नसत. रेकॉर्डर लावायचा, बोट पहिल्या ओळीवर ठेवायचं, आणि आवाज जाईल तसं बोट न्यायचं. मुलं याला कंटाळायची.

त्यांनी रेकॉर्डर लावला.

“तिथं नगं बसू लेका,” सोनाक्काचा आवाज आला. “तिथं बसत न्हाईत. हिकडं ये, घोंगडं टाकलंय बघ.”

“असू दे आक्का, इथं बरंय,” हा दिग्विजयचा आवाज.

बाईंचं बोट पहिल्या ओळीवर तसंच राहिलं.

“हे कागदावर नाही.”

“ते मुलाखतीच्या आधीचं आहे, बाई. उठाबसायचं बोलणं.”

बोट पुढे सरकू लागलं. गावाचं नाव, शेताचं नाव, नदीला पूर आला की काय व्हायचं, सगळं नीट होतं. एकही शब्द चुकला नव्हता. दिग्विजय मनात सुखावला.

सातव्या पानावर रेकॉर्डरमधल्या दिग्विजयने विचारलं, “गाव सोडताना बरोबर काय घेतलंत, आक्का?”

“काय घ्यायचं बाबा…” सोनाक्का म्हणाली.

आणि थांबली.

कागदावर पुढे कंसात लिहिलं होतं, उत्तर नाही.

“इथं चार मिनिटं ती गप्पच आहे,” दिग्विजय म्हणाला. “पुढं घेतो.”

त्याने हात पुढे केला. बाईंनी त्याचं मनगट हलकेच धरलं.

“ऐकू या की.”

“त्यात काही नाहीये, बाई.”

दोघं ऐकत बसले. कोंबडी कुरकुरली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मग टक, टक, टक, असा बारीक आवाज येऊ लागला.

“हे काय आहे?”

दिग्विजयने कान दिला, आणि त्याचा चेहरा पडला.

“माझा मोबाइल,” तो म्हणाला. “भावाला मेसेज लिहीत होतो. पुण्याचं.”

बाईंनी मनगट सोडलं नाही, पण रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

टकटक चालूच होती. तिच्यामागे आणखी एक आवाज लागला. थप… थप… सावकाश, मध्ये बरंच थांबून. लाकडावर तळहात पडावा तसा.

“आणि हे?”

“आक्का शेजारी येऊन जमिनीवर टेकली होती. मी बसलो होतो ती फळी झटकत होती. धूळ असेल.”

“कसली फळी?”

“होती एक भिंतीला लागून. लांब, चांगली जाड. मधोमध झिजलेली. दोन्ही टोकांना चौकोनी भोकं…”

दिग्विजय बोलायचा थांबला.

तो सुताराचा मुलगा होता. दहाव्या वर्षी त्याच्या हातात पटाशी आली होती. जाड लाकडाच्या दोन्ही टोकांना चौकोनी भोकं कशाला पाडतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चौकटीचे उभे खांब त्यात बसतात. मधला भाग झिजतो, कारण घरातलं प्रत्येक माणूस तिथंच पाय देतं.

“तो उंबरा होता, बाई.”

बाईंनी मनगट सोडलं आणि रेकॉर्डर थांबवला.

“मी उंबऱ्यावर बसलो होतो. चाळीस मिनिटं.”

घरी उंबऱ्यावर नुसतं टेकलं तरी आई हाताला धरून उठवायची. सोनाक्कानेही एकदा सांगून पाहिलं होतं. ऐकलं नाही म्हटल्यावर, पाहुण्याला किती वेळा उठवायचं, म्हणून गप्प राहिली असेल. आणि त्याने विचारलं तेव्हा शेजारी बसून, त्याच्या गुडघ्याजवळ हात थोपटून, चार मिनिटं तेच तर सांगत होती. तो मान खाली घालून मेसेज लिहीत होता.

त्याचे डोळे भरून आले. सुवर्णपदकाचं पोरगं, बाईंसमोर नाक पुसू लागलं. बाईंनी तांब्यात उरलेलं पाणी पेल्यात ओतून त्याच्यापुढे ठेवलं.

पाणी पिऊन त्याने पेन काढलं. कंसातले दोन शब्द खोडले आणि वर उंबरा असं लिहायला घेतलं.

बाईंनी कागदावर हात ठेवला.

“तिने म्हटलंय का तसं?”

“नाही, पण दाखवलंय.”

“तिने दाखवलं. तू पाहिलंस का?”

दिग्विजयने पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. आप्पांचा फोन. पाचाला दहा कमी होती.

“काय ठरीवलंस रं?” आप्पांनी विचारलं. “पुण्यासनं दोनदा फोन आला मला.”

“आप्पा,” दिग्विजय म्हणाला, “आधी एक सांगा. घर पाण्यात जाणार असलं, तर उंबरा कोण काढून नेतं का?”

पलीकडे रंधा थांबला.

“कुणी न्हेला?”

“एक म्हातारी आहे. धरणातली. दार नाही, चौकट नाही, नुसता उंबरा आणून भिंतीला ठेवलाय.”

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. एरवी दिग्विजयने दोनदा हॅलो, हॅलो केलं असतं. आज त्याने मोबाइल कानाला तसाच धरून ठेवला.

“चौकटीच्या खालनं उंबरा काढायचा म्हंजे सोपं काम न्हाई,” आप्पा शेवटी म्हणाले. “आख्खी चौकट हलवाय लागती. कुणीतरी पदर खोचून काढलाय त्यो. आरं, बाई नवी नवरी म्हणून घरात येती, ती त्याच्यावरचं माप वलांडून. पोरं बी तिथनंच रांगत भायेर पडत्यात. तेवढं कसं सोडावं तिनं…”

आप्पा एका दमात इतकं बोललेले दिग्विजयला आठवत नव्हते.

“कशाचा हाय? फणसाचा का?”

“बघितलं नाही, आप्पा.”

“सुताराच्या पोरानं बघितलं न्हाई?”

“नाही बघितलं.”

“बघून ये की मग.” आप्पांचा आवाज मऊ झाला होता. “ह्ये शिकवत्यात व्हय रं तुमच्या कॉलेजात? मला वाटलं, नुसती राजांची नावं.”

“हे पण शिकवतात.”

“मग शीक. पुण्याला मी सांगतो काय सांगायचं ते.” आप्पा घुटमळले. “पर एक इचार तुझ्या बाईंना. चार माणसं मला इचारत्यात म्हणून. ह्याचं फुडं व्हतं काय?”

दिग्विजयने मोबाइल छातीशी धरला.

“बाई, आप्पा विचारतायत. याचं पुढं काय होतं?”

बाईंनी रेकॉर्डर उघडला. त्यातले जुने सेल काढून नवे घातले आणि तो त्याच्यासमोर ठेवला.

“सोनाक्काकडे जा,” त्या म्हणाल्या. “आणि या वेळी जमिनीवर बस.”