झाडाला बांधलेला दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की साखर तेव्हा कुणी पाहिली नव्हती. गोड म्हटलं की मधच.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावातले गडी उंच कड्यांवरून दोराने खाली उतरत आणि कपारीतला मध काढत. तिथे एक रीत होती. उतरणाऱ्याचा दोर वर त्याच्या मेव्हण्याने धरायचा. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, तो मूठ कशी सोडेल, असं जुनी माणसं म्हणत. मला विचाराल तर जुनी माणसं फार शहाणी होती.

गोमा हा त्या गावातला सगळ्यात धीट गडी. त्याला कड्यांचं वेड होतं. बायको बुधी आणि लहानगी लेक यांच्यावरही त्याचा जीव होता, हे खोटं नाही. पण मेव्हण्याला तो पार कंटाळला होता. ऊन कललं की वरून हाक ठरलेली. "दाजी, आता वर या. घरी वाट बघत असतील."

एके दिवशी गोमाने मेव्हण्याला बोलावलंच नाही. दोर त्याने कड्यावरच्या ऐनाच्या झाडाला बांधला.

"हे बरं," तो स्वतःशीच म्हणाला. "झाड दमत नाही, जांभया देत नाही आणि हाकाही मारत नाही."

मग काय, रान मोकळं झालं. आज हा कडा, उद्या पलीकडचा. एका दिवसाचे चार झाले आणि चाराचे दहा.

असाच एकदा घरी आला आणि पाणी प्यायला वळला, तर माठ जागेवर नाही.

"माठ कुठे गेला?"

"वर ठेवलाय," बुधी म्हणाली. "पोर रांगायला लागली. खाली ठेवला की कलंडून टाकते."

"कधीपासून?"

"झाला महिना."

डोंगरातली कपार न् कपार गोमाला पाठ होती, आणि स्वतःच्या घरातला माठ त्याला सापडत नव्हता. त्याला लाज वाटली. पण ती दोनच दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दोर खांद्यावर टाकला.

बुधी दारात उभी राहिली. "रान सोडा असं मी म्हणणार नाही. लग्नाआधी बापाबरोबर मीही कडे उतरलेय, ती ओढ मला ठाऊक आहे. पण पुनवेपर्यंत आला नाहीत, तर मी भावाबरोबर माहेरी जाईन. मग घर तुमचं आणि माठही तुमचा."

"येतो की," गोमा म्हणाला. त्याला खरंच यायचं होतं.

या खेपेला त्याने सगळ्यात उंच कडा निवडला. वरच्या एका ऐनाला दोर बांधून तो खालच्या कपारीत उतरला. तिथे मधाची पोळीच पोळी. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता पुनवेचा दिवस उजाडला. वर चढायला त्याने दोर ओढला, तर दोराचे दोन पीळ तुटून खाली लोंबले. दगडाच्या धारेवर घासून दोर झिजला होता.

गोमाने घसा बसेपर्यंत हाका मारल्या. झाडाने दोर घट्ट धरला होता. तेवढंच त्याला येत होतं.

पुनव उलटली. सकाळी बुधी लेकीला पाठीशी बांधून भावाबरोबर निघाली. तिच्या माहेरची वाट त्याच कड्यावरून जाई. ऐनाला बांधलेला दोर तिने लांबूनच ओळखला. जवळ जाऊन पाहिलं, तर तीन पिळांतला एकच उरलेला.

"अहो, आहात का?" तिने वाकून हाक मारली.

"आहे," खालून बसका आवाज आला.

भावाच्या खांद्यावर त्याचा दोर होताच. त्याने तो खाली सोडला आणि दोघा भावंडांनी मिळून गोमाला वर ओढून घेतलं. तीन दिवस नुसता मध खाऊन त्याच्या तोंडाला मिठी बसली होती.

"चल घरी," तो कसाबसा म्हणाला.

"घरी जाऊच. पण मधाचं मडकं खाली राहिलंय," बुधी म्हणाली. तिने लेक त्याच्या पाठीशी बांधली, दोराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि पदर खोचून ती कडा उतरली.

आता गोमा वर आणि बुधी खाली. ती दिसत नव्हती. हातात नुसता दोर हलत होता. दोर थांबला की गोमाचा श्वास थांबे. पाठीवरची लेक त्याचे केस ओढत होती, पण मूठ सोडायची सोय नव्हती. बुधीला जाऊन फार वेळ झालाही नव्हता, तरी त्याच्याच्याने राहवेना.

"बुधे, आता वर ये," तो ओरडला. "आम्ही वाट बघतोय."

मेव्हणा बाजूला बसून गालात हसला. गोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ही हाक तो इतकी वर्षं कटकट समजत होता.

त्या दिवशी बुधी माहेरी गेली नाही. पुढे एक कडा गोमाचा आणि एक बुधीचा, अशी पाळी लागली. एकाने उतरायचं, दुसऱ्याने लेकीला घेऊन दोर धरायचा, आणि ऊन कललं की हाक मारायची. मध काही कमी पडला नाही. घरातला माठ पुढे कितीदा हलला, पण गोमाला तो कधी शोधावा लागला नाही.

बोध: रानात खुशाल जावं, पण आपला दोर आपल्या माणसाच्या हाती द्यावा आणि पाळी आली की त्याचा दोर आपण धरावा.