ढोबळीचं उन्हावरचं भाषण

रोपं सभा भरवायची, त्या काळातली गोष्ट. पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीला उन्हावर बोलायची भारी हौस. रोपं काटक व्हावीत म्हणून सगुणामावशी लागवडीआधी त्यांना रोज थोडा वेळ बाहेर ठेवायच्या. टोमॅटो निमूट जायचा, कोमेजायचा, पुन्हा सावरायचा. ढोबळी म्हणायची, "मावशी, आज नको. आज उन्हावर भाषण आहे माझं."

लागवडीच्या दिवशी वाफ्यात उभी राहताच तिने "बंधुभगिनींनो" म्हटलं आणि दुपारच्या आत मान टाकली. मावशींनी तिला हलक्या हाताने काढून परत आत आणलं.

सावलीत तरारल्यावर तिने नव्या कोंबांना गोळा केलं. "बसा. बाहेरचं जग मी स्वतः पाहून आलेय."

व्याख्यान चांगलंच रंगलं. टोमॅटोलाही आमंत्रण होतं, पण तो बाहेर फळांनी लगडला होता. त्याला काही यायला जमलं नाही.