पाणवठ्याची राखण

फार जुनी गोष्ट आहे. रानातल्या पाणवठ्याचा कारभार तेव्हा प्राण्यांची पंचायत बघायची. एकदा दवंडी फिरली, की पंचायतीला पाणवठ्यासाठी राखणदार हवा आहे. ऐकताच टिटवी हरखून गेली. काठावरच्या खडकांत घातलेली तिची अंडी दरवर्षी जनावरांच्या खुरांखाली चिरडली जायची. हे काम मिळालं, तर मोबदल्यात ती जागाच मागता येणार होती.

ती तडक पंचायतीपुढे आली. "वाघ दिसला की मी ओरडून सगळ्यांना सावध करीन," ती म्हणाली. "त्या बदल्यात माझ्या खडकांत कुणी पाय ठेवायचा नाही."

पंचांना सौदा पसंत पडला. आनंदाने टिटवीला पंख आवरेनात. इतक्यात सरपंच सांबर म्हणाला, "एक अट आहे. तुझा आवाज फार कर्कश आहे. बैठक चालू असताना ओरडायचं झालं, तर आधी आमची परवानगी घ्यायची."

नुसतं हो म्हटलं असतं, तरी जागा तिची झाली असती. टिटवीने एकदा आपल्या खडकांकडे पाहिलं. तरी ती म्हणाली, "सरपंच, तुम्ही परवानगी देईपर्यंत वाघ थांबेल का? असं काम मी घेणार नाही."

"मग आम्ही दुसरं कुणी बघू," सांबर तुटकपणे म्हणाला.

तेवढ्यात मागचं गवत हललं आणि टिटवीला पट्टे दिसले. हातचं काम गेलेलं असूनही ती जीव तोडून ओरडली. पंचायत क्षणात पांगली. वाघाची झेप रिकामी गेली.

वाघ निघून गेल्यावर सांबर धापा टाकत पाण्याकडे परतला. खडकांपाशी येताच तो थबकला आणि लांबचा वळसा घालून गेला. त्याच्यामागून सगळे पंचही वळसा घालूनच गेले.