मोहाखालचा खराटा

आपल्या वस्तीतला लहान्या काही बी बोलते. म्हणे जंगल सरकारचं, जळलं तर सरकारचं जळंल, आपल्या बापाचं काय जाते. आज तो इथं नाई, नाईतर तोंडावरच सांगतलं असतं. तुमी तरी ऐका.

पूर्वी काशीत एक राजा राज्य करे, तवा बोधिसत्त्व त्याचा प्रधान होता. राजानं पयल्यांदाच दवंडी देली, का डोंगरावरचं रान आता राखीव, कोणी कुऱ्हाड लावाची नाई. चांगलंच केलं. पण दर उन्हाळ्यात ते रान पेटे. शिपाई काठ्या घेऊन फिरत, तरी पेटे. राजा खवळला. प्रधानाले म्हणे, डोंगराखालची वस्ती हाकलून दे, मंग सारा डोंगर तुले इनाम देतो.

"इनाम राहू द्या महाराज," प्रधान म्हणे. "पेटते काहून, ते पाहून येतो."

शिपाई घेऊन गेला, तर गोमा नावाची म्हातारी मोहाच्या झाडाखालचा पाला जाळत होती. पाल्यात मोहफुलं दिसत नाईत, म्हणून पयले पाला जाळाचा, मंग साफ जाग्यावर पडलेली फुलं वेचाची, हीच त्या वस्तीची रीत. वारा सुटला का तोच विस्तव डोंगर चढे. प्रधानानं तिले समजावलं, का जाळू नको, झाडून घे.

"तुले सांगाले काय जाते रे बाबू? माही कंबर पाय. एवढा पाला काय तुहा बाप झाडंन?"

दुसरा असता तर तिले बांधूनच नेलं असतं. प्रधान हासला. खराटा घेतला अन् सोता झाडाले लागला. मंग शिपायायले म्हणे, "काठ्या ठेवा. खराटे धरा."

मोठमोठ्या मिशांचे शिपाई वाकून पाला झाडू लागले. म्हातारी मांगंमांगं चाले अन् म्हणे, "ए मिशावाल्या, बुडापाशी राह्यलं." सारी वस्ती हासून हासून लोळली. मंग घराघरातून लोकं खराटे घेऊन निंगाले अन् आपापल्या मोहाखाली झाडाले लागले.

त्या उन्हाळ्यात डोंगर पेटला नाई. राजा पाहाले आला, तर घरोघरी मोहाच्या भाकरी चालल्या होत्या. दोन खाल्ल्या, तिसरी मांगून घेतली, अन् वस्ती हाकलाचा हुकूम मांगं घेतला.

तो राजा म्हंजे पुढल्या जन्मी तथागताचा शिष्य आनंद. गोमा म्हातारी म्हंजे तथागताले वाढवणारी मावशी महाप्रजापती गौतमी. अन् प्रधान म्हंजे खुद्द तथागत. माणसं राखून रान राखलं, याले करुणा म्हणतात.

ऐकलं ना? मंग उद्या सकाळी सारे आपल्या मोहाखाली या अन् पाला जाळू नका, झाडा.