येसूच्या तोंडातला पदर

ऐका सटवाईमाय, तुझी कहाणी. नदीच्या वळणाला आटपाट गाव होतं. तिथं कुंभाराच्या घरी भिवराबाई सासू होती, येसू सून होती. येसू पहिलटकरीण. दिवस भरले, पहाटे कळा लागल्या. येसूचा धनी म्हणाला, सुईणीला बोलावतो. सासू म्हणाली, "सुईण कशाला? मी आहे की." सुनेला म्हणाली, "पोरी, आवाज करू नको. दाराशी माणसं आहेत." येसूनं पदर तोंडात धरला. अंधाऱ्या खोलीत एकटी निजली. मनात म्हणाली, मी काही यातून उठत नाही.

ऊन चढलं, बाळ येईना. घरातली गाठ सुटली की बाळंतीण सुटते, अशी तिथली रीत. मग सासूनं पेटीचं कुलूप काढलं. येसू सुटेना. मग रांजणांची झाकणं काढली. येसू सुटेना. मग गाढवाचं दावं सोडलं. गाढव गेलं उंडारायला, येसू तिथंच.

मग सासू घाबरली, सुईणीकडे धावली. "धुरपामावशी, घरातलं सगळं सोडलं गं, बाळ काही येईना." धुरपा आली. हात धुतले, पोट चाचपलं. "बाळ नीट वाटेवर आहे," म्हणाली. मग येसूकडे पाहिलं. "भिवरा, गाढवाचं दावं काढलंस, सुनेच्या तोंडातला पदर काढवेना तुला?"

सासूनं येसूच्या तोंडातला पदर काढला. येसूनं विचारलं, "मावशी, मी मरेन का?"

"हात धरलाय तुझा. बाळ रडेपर्यंत सोडायची नाही, हा माझा वसा. कण्ह, ओरड, मला शिव्या दे."

मग येसूला उठवली, अंगणाच्या कडेनं चालवली. कोमट पेज पाजली. सासूनं कंबर चोळली. कळ आली, येसूनं सासूच्या गळ्यात हात टाकले, मोठ्यानं ओरडली. दाराशी बायका कुजबुजल्या. सासू तिथूनच म्हणाली, "सून बाळंत होतेय माझी, चोरी नाही करत."

दिवेलागणीला लेक जन्मली. आईपेक्षा मोठ्यानं रडली. येसू हसली, सासू रडली, गाढवही आपल्या पायांनी घरी आलं.

सासू म्हणाली, "मावशी, तुझा वसा मला दे." सुईण म्हणाली, "पहिलटकरणीला एकटी टाकू नये. तिचं तोंड बांधू नये. बाळ रडेपर्यंत हात सोडू नये. घेतलास तर अर्ध्यावर टाकू नको." पुढं गावात कुणाला कळा लागल्या, की सुईणीच्या मागं भिवराबाई पेजेचं गाडगं घेऊन निघे.

सटवाईमाय जशी येसूला पावली, तशी तुम्हां आम्हां लेकीसुनांना पावो. ही येसूची कहाणी बाळाच्या पहिल्या रडण्याशी सुफळ संपूर्ण.